दुर्गाबाईंचा चाफा आणि मुंग्यांची साखर

दर सोमवारी महादेवाच्या पिंडीवर फुलं चढायची ती दुर्गाबाईंच्या चाफ्याची. गल्लीत हा मान दुसऱ्या कुणाचा नव्हता. यंदा मात्र एका सोमवारी बद्रीनाथ गुरव त्यांच्या परडीत डोकावून म्हणाला, "राहू द्या मावशी, सुहासिनीताईंनी आणून ठेवलीत ढीगभर."

परडीत चार फुलं होती, तीही चिकट.

दुर्गाबाई परडी तशीच घेऊन घरी परतल्या. सुहासिनी शेजारीण, बँकेत नोकरीला. तिच्या दारचा चाफा दुर्गाबाईंनीच दिलेल्या फांदीचा. इकडे आईझाडाची पानं काजळी धरल्यासारखी काळी, फांद्यांवर तपकिरी खपल्या. तिकडे लेकरू फुलांनी लगडलेलं.

"फांदीसंगं बरकत बी तिकडं गेली," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नरहरराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मंग फांदी वापस माग."

दुर्गाबाईंनी मीठमिरच्यांनी झाडाची दृष्ट काढली. मस्तगडच्या बाजारातून निंबोळीचं तेल आणून फवारलं. खपल्या जशाच्या तशा. अंघोळ झाली की बुंध्याशी मुंग्यांना साखर घालायची, हा नेम मात्र चुकला नाही. मुक्या जिवांचं पुण्य झाडाला लागेल, ही आशा.

एक दिवस सुहासिनीच फाटक उघडून आत आली. हिला कुणी बोलावलं, असं दुर्गाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं नखानं एक खपली उचलली.

"काकू, ही साल नाही, खवले कीड आहे. झाडाचा रस पिते आणि गोड चिकटा सोडते. त्या गोडासाठी मुंग्या तिची राखण करतात, तिला खाणारे किडे हाकलून लावतात. आणि तुम्ही मुंग्यांना रोज इथंच जेवायला बोलावता."

"मंग काय उपाशी मारू त्यांना?"

"दुसरीकडे वाढा. खपल्या जुन्या ब्रशनं, साबणाच्या पाण्यानं घासून काढा. माझ्या झाडाला लागली तेव्हा मी तेच केलं."

म्हणजे हिच्याही झाडाला लागली होती तर. दुर्गाबाईंच्या जिवाला जरा गार वाटलं.

दुपारभर त्या स्टुलावर चढून फांद्या घासत राहिल्या. श्रावणी सोमवारी परडी भरलीच पाहिजे, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून त्या साखरेची वाटी घेऊन निघाल्या. नेम काही मोडायचा नव्हता. दोन घरांच्या मधोमध विजेचा खांब आहे, तिथं वाकल्या. साखरेची रेघ खांबापासून सुरू झाली आणि सुहासिनीच्या कुंपणाकडे सरकत गेली.

ओट्यावरून नरहररावांनी विचारलं, "अगं, तिकडं कशाला?"

"मुंग्यांना तिकडंच बरं वाटून राह्यलं," दुर्गाबाई म्हणाल्या आणि वाटी पदराला पुसून घरात शिरल्या.