गणपतीच्या सोंडेवरची तीट

पंचवटीत आमच्या गल्लीत देवीचं जुनं दगडी देऊळ आहे. तिथली दिवाबत्ती साळूबाई गुरव करतात. सासू गेल्यापासून दाराची कोरीव चौकट त्यांनीच तेलाच्या फडक्यानं पुसायची. नवरात्रात मी एकदा हौसेनं उंबरा पुसला, तर साळूबाईंनी माझ्यादेखत तो पुन्हा पुसला!

यंदा ट्रस्टनं हर्षालीला बोलावलं. जुन्या मूर्ती, कोरीवकाम लेझरनं साफ करणारी मुलगी. काळा चष्मा लावून ती बसली, की टकटक आवाज करत उजेडाचा ठिपका फिरायचा आणि काजळी धुरासारखी उडायची. खालून वेल निघाली, हंस निघाले. डोळ्यांना लेझर लागू नये म्हणून लावलेल्या काचेसारख्या पडद्यामागे उभ्या बायका म्हणायच्या, "काय हात आहे गं पोरीचा!"

"हात कसला? मशीन हाय ते," साळूबाई फणकारल्या.

हर्षाली साध्या मनानं म्हणाली, "मावशी, तेलामुळेच काजळी एवढी धरली होती. आता तेलही नको, शेंदूरही नको. उद्या वरचा गणपती घेते."

सगळ्यांसमोर बोलली. साळूबाईंनी फडकं पदराआड केलं.

सकाळी दर्शनाला गेले, तर चौकटीवरचा गणपती शेंदरानं माखलेला. मी काही विचारण्याआधीच साळूबाई म्हणाल्या, "बोडका दिसत होता."

हर्षालीनं आल्यावर सोंडेच्या कडेला लेझर एकदाच टेकवून पाहिला. लाल शेंदूर मोहरीएवढा काळा पडला. तिनं मशीन बंद केलं. "शेंदरावर हे चालत नाही. कुणी लावला?"

साळूबाई समईची वात सारखी करत राहिल्या. मीही बोलले नाही. "म्हणजे जमत नाय म्हणा की मशीनला," त्या म्हणाल्या. आवाजात चांगलाच गोडवा होता.

"नाही जमत," म्हणत हर्षालीनं स्टूल ओढलं आणि काडीला कापूस गुंडाळून हातानंच शेंदूर टिपायला घेतला. बघण्यासारखं काही उरलं नाही, तशा बायका पांगल्या. साळूबाई मात्र हलेनात. मशीनचं एक वेळ चाललं असतं हो. आता खरंच त्या पोरीचा हात गणपतीच्या कानांवरून, पोटावरून फिरत होता, आणि किती हळुवार! साळूबाईंचा गोडवा उतरत गेला. दुपार कलली तसं त्यांना राहवेना.

"सरक तिकडं. मी लावला, मीच काढीन."

हर्षालीनं मान वर केली नाही. "आधी नखं धुऊन या, मावशी. सकाळपासून लाल आहेत."

साळूबाई निमूट नळावर गेल्या. परतल्या तेव्हा दुसऱ्या स्टुलावर कापसाची काडी तयार होती.

गणपती सुरेख निघाला. सोंडेवरचा तो काळा ठिपका मात्र गेला नाही. बायका विचारतात, "एवढंच कसं राहिलं हो?"

"तीट हाय ती," साळूबाई म्हणतात. "तुमच्या नजरा काय कमी हायेत?"

आणि माझ्याकडे बघायचं टाळतात.