मुठीतला अंदाज

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका गिरणीच्या ऑफिसात साहेब धरून आम्ही चौघं संगणकाचं काम करायचो. संगणक मात्र पुण्यात. आम्ही कागदावर प्रोग्राम लिहायचा, कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा रेल्वेने पाठवायचा आणि आपली चूक परत यायची वाट बघायची.

नवं काम आलं की साहेब विचारायचे, किती दिवस लागतील? आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायचे, महिनाभर, नाही का? आम्ही माना डोलवायचो. वरिष्ठाने एकदा आकडा सांगितल्यावर त्याच्यापुढे दुसरा सांगणं आम्हाला उद्धटपणाच वाटे. हजेरीचं काम असंच महिन्याचं ठरलं आणि दोन महिने चाललं. वरच्यांची बोलणी साहेबांनी खाल्ली आणि ती आमच्यापर्यंत व्यवस्थित पोचवली.

मग पगारपत्रकांचं काम आलं. माझं लग्न ठरलं होतं, मुहूर्त सहा आठवड्यांवर. हातातलं काम संपल्याशिवाय लांब रजा नाही, हा साहेबांचा नियम. मुहूर्त पुढे ढकला असं सासरी सांगायची माझी हिंमत नव्हती.

आमच्यात वयाने सगळ्यात मोठे होते ते भवानी पेठेतले, घर तेलुगू विणकऱ्यांचं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्या दिवशी साहेबांनी आकडा सांगायच्या आधीच अण्णांनी डब्यातले शेंगदाणे टेबलावर ओतले. म्हणाले, हजेरीचं काम दोन दाण्यांचं धरा. हे किती दाण्यांचं वाटतं तेवढे प्रत्येकाने गुपचूप मुठीत घ्या, आणि मुठी एकदम उघडू. मुलं एकी-बेकी खेळतात तसं. साहेबांना हसू आलं, पण त्यांनीही मूठ वळली.

अण्णांच्या मुठीत सहा निघाले, चौथ्या सहकाऱ्याच्या सात. साहेबांच्यासुद्धा पाच. माझ्या मुठीत एक.

"पोरी," अण्णा हळूच म्हणाले, "ह्यो दाणा कामाचा हाय का तुज्या लग्नाचा?"

मला रडूच आलं. लाजही वाटली, कारण सगळ्यात किचकट भाग मीच लिहिणार होते. प्रत्येक खात्याच्या पाळ्या वेगळ्या, ओव्हरटाइमचे नियम वेगळे, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. डोळे पुसून मी खरं ते सांगितलं. सहा.



"महिन्याचं काम असतं तर संपवून जा म्हणालो असतो," साहेब म्हणाले. "पण सहा महिने तुझं लग्न अडवणारा मी कोण? पंधरा दिवस जाऊन ये."

लग्न मुहूर्तावर लागलं. त्या एका दाण्यावर अडून बसले असते तर काम संपेपर्यंत लग्न मीच पुढे ढकललं असतं, हे ऐन अक्षता पडताना माझ्या ध्यानात आलं, आणि मला मांडवातच हसू फुटलं.