आवाजावरून मेंढरं

आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वेरूळच्या बाजूला मोठं नाव होतं. कळपातलं कोणतंही मेंढरू ते नुसत्या ओरडण्यावरून ओळखायचे. लोक म्हणायचे, देवाची देणगी. आम्हीही तेच म्हणायचो.

मी सातवीत असताना फळ्यावरचं दिसेना, म्हणून मास्तरांनी औरंगाबादला डोळे तपासायला लावले. चष्मा लागला. आबा म्हणाले, "पुस्तकात तोंड खुपसून बसती, दुसरं काय होणार? आता चष्मेवाली पोरगी कोण करील?" चष्मा पेटीत गेला, दप्तर माळ्यावर गेलं आणि मी मेंढरांमागं. लई रडले. पण आबांपुढं कुणाचं चालायचं? पुढं देवगाव रंगारी गावात लग्न करून दिली. तिथं लांबून येणारा सासरा ओळखू यायचा नाही, डोईवर पदर घ्यायचा राहायचा आणि रोज बोलणी खायची.

मग माझी पोरगीही पुस्तक नाकाला लावून वाचायला लागली. आबा आले आणि तेच सुरू: "शाळा सोडव, डोळे तरी ऱ्हातील." या खेपेला माझं डोकं फिरलं. म्हटलं, चला, डॉक्टरच्याच तोंडून ऐका. दोघांनाही शहरात नेलं.

पोरीला तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात अजून कुणाला चष्मा?"

"मला होता," मी म्हणाले. "आबा म्हणतात, पुस्तकांनी डोळे गेले."

"आणि आजोबांना?"

"माझी नजर शाबूत हाय," आबा म्हणाले.

बाईंनी तरी त्यांना खुर्चीत बसवलं. समोरच्या पाटीवरचं सगळ्यात मोठं चिन्ह कोणत्या बाजूला उघडं आहे, तेवढंच सांगायचं होतं. आबांना ते दिसेना. लांबचं सगळ्यांनाच असं पुसट दिसतं, असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं.

"हे घराण्यातून आलंय," बाई म्हणाल्या. "सारखं जवळून वाचलं तर नंबर थोडा वाढतोही. पण आजोबा, तुम्ही कुठं पुस्तकं वाचली?"

बाईंनी तपासायच्या चौकटीत भिंगं घालून ती त्यांच्या नाकावर ठेवली. आबा समोर बसलेल्या माझ्याकडं बघत राहिले.

"लई वाळलीस की गं."

"आबा," मी म्हणाले, "आता मला कोणत्या वर्गात बसवता?"

त्यांनी चौकट काढून बाईंच्या हातात दिली. पोरीचा चष्मा करायला टाकला. तिच्या शाळेचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. स्वतःचा चष्मा मात्र करू दिला नाही.

"मला कशाला?" म्हणाले. "मेंढरं मला आवाजावरून कळत्यात."