दस्त्यातला गुलाबी रंग

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — देवापुढे हात जोडले तरी या विषयाला वळसा घालूनच. एकदा एका घरी जाऊन फक्त दाखवलं होतं. तोंडातून शब्द फुटला नव्हता. तो आज फोडते. बसा जरा जवळ, कारण मी सरळ सांगेन असं नाही. मला फिरून फिरून यावं लागणार.

आधी एवढं सांगते, की मी डेंटिस्ट आणि मला बंदुकीचा नाद. हसू नका. कोल्हापूरला कॉलेजात असताना एन.सी.सी.त पहिल्यांदा रायफल खांद्याला लावली, पालथं पडून नेम धरला, आणि डोक्यातला सगळा कलकलाट एकदम थांबला. तसली शांतता मला ना पूजेत मिळाली ना झोपेत. लग्न करून लेस्टरला आले तेव्हा वाटलं, तो अध्याय संपला. नवरा हॉस्पिटलात ड्युट्यांमागे धावायचा, मी बेलग्रेव्ह रोडजवळ छोटीशी सर्जरी घेतली — इथे दातांच्या दवाखान्यालाही सर्जरीच म्हणतात — आणि लोकांच्या दाढा काढत बसले.

सर्जरीत माझ्या हाताखाली नर्स होती, जीन. हाताखाली म्हणायचं आपलं. वयाने ती मोठी, आणि या देशात कुठे गप्प बसायचं आणि कुठे बोलायचं हे मला तिनेच शिकवलं. तिचे यजमान केन. शाळेत वुडवर्क शिकवायचे आणि रविवारी रायफल क्लबात जायचे. मला नेमबाजी येते हे जीनने त्यांच्या कानावर घातलं आणि पुढच्या रविवारी मी रेंजवर होते. ‘मला केनच म्हण,’ ते म्हणाले. पन्नाशीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, कितीतरी दिवस. लायसन्सच्या वेळी ‘ही बाई भरवशाची आहे’ असं लेखी त्यांनीच दिलं. भरवशाची! तो शब्द लक्षात ठेवा.

माझी रायफल अगदी साधी. बोल्ट, म्हणजे मागचा लोखंडी दांडा, मागे ओढायचा, एक गोळी ठेवायची, बोल्ट पुढे ढकलून खाली पाडायचा, दर वेळी एकच. कारखान्यातून हजारोंनी निघतात तशातली एक. पण केनच्या गॅरेजमध्ये तिचं रूप पालटू लागलं. आधी ट्रिगर बदलला — जुना ओढताना वाळूतून बोट ओढल्यासारखं वाटायचं, नवा काच मोडावी तसा अलगद सुटे. मग नेम धरायची बारीक साइट आली. मग दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवतात त्या लाकडी भागावर, गाल टेकायला माझ्या मापाची लाकडी उशी, ती केननी स्वतः तासून दिली. अनिल, म्हणजे माझा नवरा, आल्यागेल्याला सांगायचा, ‘इतरांच्या बायका दागिने घडवतात, आमची बंदूक घडवते.’ मला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. का नाही व्हाव्यात? एवढ्या परक्या गावात ती एकच गोष्ट माझ्या हाताला बसेल अशी झाली होती.

आता नियम सांगते, त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्लबात दोन गट होते. खुल्या गटात रायफलीला काय वाटेल ते करा. स्टँडर्ड गटात मात्र ती कारखान्यातून आली तशीच हवी. मी दोन्हीत उतरायचे; स्टँडर्डच्या आधी नवे भाग काढून जुने लावायचे, सोपं होतं. राहिला होता एकच बदल. लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो, त्यात बसवलेलं लोखंड केसभर हलतं आणि नेम सरकतो. त्यावर उपाय म्हणजे दस्त्याच्या पोटात असा मसाला भरायचा की लोखंड त्यात घट्ट बसून राहील. केननी मला थांबवलं. म्हणाले, हे एकदा केलं की परत फिरता येत नाही, तुझ्याकडे रायफल एकच, स्टँडर्ड गट तुला कायमचा बंद होईल. हिवाळाभर विचार कर.

मी विचार करणारी असते तर हे सांगायला बसले असते का?

दातांच्या डॉक्टरला घट्ट बसवणं कोणी शिकवायचं? आयुष्यभर दुसरं केलं काय मी? कवळी हिरडीवर जशी बसते तशीच ही गोष्ट. एका शनिवारी जीन घरी गेल्यावर सर्जरीचं दार लावलं, कवळीची पावडर आणि द्रव कालवलं आणि दस्त्याच्या पोटात भरलं. कवळीच्या हिरड्यांचं ॲक्रिलिक, गुलाबी. दुसरा रंग सर्जरीत नव्हता. लोखंडाला व्हॅसलीन लावून वर बसवलं, सुकू दिलं, उचललं — अहाहा, काय उतरलं होतं. लाकडाच्या आत गुलाबी हिरड्या. दोन स्क्रू पिळले की बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तोवर मी कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं, हेही सांगते. खुल्या गटात ते चालत होतं.

पण उन्हाळ्यात स्टँडर्डची स्पर्धा आली. क्लबाच्या भिंतीवर एक लाकडी ढाल होती, तिच्यावर वर्षावर्षाच्या विजेत्यांची नावं. त्यात आपलं एकही नाही. लेस्टरच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं की सुधाताई या वर्षी उतरणार. मी नाव मागे घेऊ शकत होते. ‘दस्ता बदललाय, या गटात बसत नाही’ — एवढं म्हटलं असतं की झालं. कोणी चौकशीसुद्धा केली नसती. मी ते म्हटलं नाही. नवे भाग काढले, जुने लावले, पोटातलं पोटात ठेवलं आणि रांगेत जाऊन पालथी झाले.

त्या आठवड्यात सारखी भुरभुर चालली होती. सगळ्यांचे दस्ते फुगले. चांगले चांगले नेमबाज ओठ चावत होते, गोळ्या डावी-उजवीकडे जात होत्या. माझ्या मात्र एकीवर एक पडत गेल्या. मी जिंकले. आणि केनना कळलं. लाकूड त्यांना कळायचं, आणि मीही कळायची.

इथे एक गोष्ट मधेच सांगायला हवी. टाळणार होते, पण टाळून कसं चालेल? त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सर्जरीच्या दारावर कोणीतरी रंगाने घाण लिहून ठेवली होती. परत जा वगैरे, त्याहून वाईटही. त्या काळात असं व्हायचं. बस स्टॉपवर मी थुंकी पाहिलेली आहे. पाटीवरचं नाव वाचून ‘दुसरा डेंटिस्ट नाही का’ विचारणारे तर नित्याचेच. पण त्या सकाळी मी पोचले तेव्हा केन दाराशी गुडघ्यांवर बसून चिंधीने ते सगळं पुसत होते. शाळेला उशीर करून. मला पाहून फक्त म्हणाले, ‘पाय जपून, ओलं आहे.’ तो विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही.

कोणाशी मी काय केलं, ते समजायला हवं म्हणून हे सांगितलं.

तर स्पर्धा झाली, सगळे क्लबाच्या खोलीत चहाला जमले. जीन कप भरत होती. रायफली तपासायचं काम केनकडे असे. ते माझ्याजवळ आले, आवाज खाली ठेवून म्हणाले, ‘सुधा, दस्ता उघडून बघूया का? दोनच स्क्रू आहेत. बाहेर गाडीपाशी चल, तू आणि मी.’

ही पळवाट नव्हती तर काय होतं? माणूस मला हळूच वाट काढून देत होता. बाहेर जाऊन ‘चुकले’ म्हणाले असते तर त्यांनी ते तिथल्या तिथे मिटवलं असतं. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी मुद्दाम मोठ्याने काढलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

‘माझं नाव जीन असतं, तर विचारलं असतंत का, केन?’

जीनच्या हातात किटली तशीच राहिली. काय सांगू — ते शब्द खोटे नव्हते, हेच तर वाईट आहे. ते मी दुसऱ्या दहा जणांना म्हणू शकले असते आणि खरं ठरलं असतं. ते बोलायचा मला हक्क होता, सोसून कमावलेला. आणि तो मी वापरला कोणावर? ज्याने माझं दार पुसलं त्याच्यावर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या, आणि सगळ्यांना त्या पटल्या.

क्लबाच्या सेक्रेटरीने केनना बाजूला नेलं. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. सगळ्यांसमोर म्हणाले, की माझ्या मनात तसलं काही नव्हतं, पण सुधाला तसं वाटलं असेल तर मी माफी मागतो. हात पुढे केला. मी तो हातात घेतला. ‘असू दे, केन,’ म्हणाले. मी माफ केलं त्यांना. माझ्या कबुलीतलं खरं काळं इथे आहे. फसवून जिंकणं एक वेळ पोरकटपणा म्हणा — पण त्या माणसाची माफी मी मान डोलावून घेतली.

दस्ता मग कोणी उघडलाच नाही. ढालीवर नाव चढलं. मंडळाने गणपतीत शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्ष माइकवर म्हणाले, ‘सुधाताईंनी ट्रॉफी तर जिंकलीच, पण कमिटीसमोर जे स्टँड अप केलं ना, ते आपल्या मुलांनी शिकायला पाहिजे.’ टाळ्या पडल्या. केन पुन्हा क्लबात आले नाहीत. त्यांच्या शाळेत निम्मी मुलं आपली होती, आणि गावात गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? दोनेक वर्षांत त्यांनी लवकर निवृत्ती घेतली. कंटाळले म्हणून, असं जीन म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

जीन माझ्याकडे राहिली. स्पर्धेनंतरच्या सोमवारी ती केक घेऊन आली होती, नवऱ्याच्या वतीने. म्हणाली, ‘इतकी वर्षं संसार केला आणि माणूस कळला नाही बघ.’ मी तिचा कोट खुंटीला टांगला आणि पहिल्या पेशंटला हाक मारली. त्यानंतरही कितीतरी वर्षं ती रोज माझ्याशेजारी उभी राहून तीच गुलाबी पावडर कालवत होती.

क्लब मधल्या काळात बंद पडला, रेंजच्या जागेवर घरं झाली. मला वाटलं, आता कुठे सांगायचं आणि कोणाला? किती सोयीचं, नाही? मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी जीन निवृत्त झाली. सर्जरीत छोटासा चहा ठेवला होता. तिला बोलायचा आग्रह झाला, तेव्हा ती म्हणाली, ‘खरं असेल तर घरच्या माणसाविरुद्धही उभं राहावं, हे मी सुधाकडून शिकले. आता दिवसभर घरी असणार. केनला आणि मला बोलायला फारसं काही उरलेलं नाही, पण बागकाम आहे.’ सगळे हसले. मला हातातली बशी खाली ठेवावी लागली.

त्या रविवारी मी कपाटातून रायफल काढली, दोन स्क्रू सोडवले, लोखंड परत कुलपात ठेवलं. नुसता लाकडी दस्ता टॉवेलात गुंडाळला आणि बसने त्यांच्या घरी गेले. नुसत्या लाकडाला लायसन्स लागत नाही. केननी दार उघडलं. केस पार पांढरे झालेले. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल होतं, त्यावर मी दस्ता ठेवला आणि टॉवेल उलगडला. बोलायचं ठरवून गेले होते. नुसता तो त्यांच्याकडे सरकवला.

केननी चष्मा लावला. दस्ता उलटा केला. गुलाबी रंगावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू. मग म्हणाले, ‘काम सफाईदार आहे. एक बुडबुडा नाही.’ मास्तरच ते. आणि आत वळून हाक मारली, ‘जीन, जरा इकडे ये.’

ती बागेतून मातीच्या हातांनी आली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो रंग तिच्याइतका दुसरा कोण ओळखणार? तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने केनकडे पाहिलं, खूप वेळ. मग त्यांच्याशेजारची खुर्ची ओढून बसली आणि तसलाच मातीचा हात त्यांच्या हातावर ठेवला. नजर न वळवता म्हणाली, ‘आता तू घरी जा, सुधा.’

मी गेले. दस्ता त्यांच्याकडेच राहिला. त्यांनी त्याचं काय केलं, मला माहीत नाही, आणि विचारायला मी कधी गेले नाही. ख्रिसमसचं कार्डही पाठवत नाही. त्यांनी उत्तर द्यावं असं मनात येईल, आणि तेवढंही मला नको.

बस स्टॉप त्यांच्या घरासमोरच होता. लाज होतीच, ती आजही आहे, पण छातीवरचा धोंडा उतरला होता आणि मी ऊर भरून श्वास घेत होते — इतका साधा श्वास मी कितीतरी वर्षांत घेतला नव्हता. बस आली तेव्हा मी एकदा मागे पाहिलं. खिडकीत दोघं अजून तसेच बसलेले होते. जीन बोलत होती, बोलतच होती, आणि केन मान हलवत होते.