बाबांची मिल, माझी कंपनी

अकोल्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझी बॅग चढवली आणि खिडकीखाली उभे राहिले. ते सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये फिटर होते. परदेशी पामतेलावरचा कर उतरला, स्वस्त तेल गावोगाव पोचलं आणि त्यांची मिल बंद पडली. त्याच उन्हाळ्यात मला पुण्यात नोकरी लागली, गाड्यांचे पंप परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत. "जाय पोरी," बाबा म्हणाले, "तिकडं तरी भोंगा वाजते ना, मंग झालं."

ज्या दारातून ते तेल आत आलं, त्याच दारातून आमचे पंप बाहेर जात होते. हे बाबांना सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी त्यांनीच फोनवर विचारलं, "तुमचा माल कुठं जाते?" मी देशांची नावं सांगितली. बाबा म्हणाले, "एवढ्या दूर? मंग पॅकिंग नीट करत जा."

कसबा पेठेत खोली मिळाली. "अहो, पाणी सकाळीच येतं. त्याला तुमच्या शिफ्टची कल्पना नाही," असं घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. हळूहळू माझं 'काऊन' जाऊन 'का बरं' आलं; बोलण्यात शिपमेंट, रिजेक्शन, ओव्हरटाइम आले.

मग एका मोठ्या देशानं आमच्या देशाच्या मालावर कर वाढवला. ऑर्डरी आटल्या, आमची लाइन थांबली, आम्हाला घरी बसवलं. फोनवर मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी बाबा दारात उभे. "मिल बंद पडली, मी बंद पडलो का?" म्हणाले आणि सरळ पिठलं टाकायला बसले.

ते राहिलेच; आई अकोल्याचं घर सांभाळत मागे राहिली. बुधवार पेठेत मोटार दुरुस्तीच्या एका दुकानात त्यांना काम मिळालं. काही महिन्यांनी दुसऱ्या देशांच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनीनं मला परत बोलावलं. माझ्या शेजारी उभी राहून काम करणारी रेखा मात्र कंत्राटावर होती. तिला बोलावणं आलं नाही. तिला भाडं झेपेना. "राहू दे तिले इथंच," म्हणत बाबांनी आपली गादी गॅलरीत नेली. रेखा अजून काम शोधते आहे.

अकोल्यात राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या निघालेल्यांनो, आमचं कसं चाललंय असं तुम्ही विचारता, म्हणून हे लिहिलं. परवा आईचा फोन आला, "दिवाळीले घरी कवा येता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, रेखाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "औंदा तूच ये न घरी."