बीबीला गप्प बसायला गेले होते

फिरायची हौस म्हणून मी घर सोडलं नाही. सुनेनं पाठवलं म्हणून सोडलं. संगीता, माझी सून, भांडी घासता घासता म्हणाली, "आत्याबाई, ती तुमचंच ऐकते. जा अन् तिले घेऊन या."

ती म्हणजे पूनम, माझी नात. चिखलीला खोली करून राहते, पोरांच्या शिकवण्या घेते आणि महिन्यातून एकदा कोणत्या तरी गावात बैठक भरवते. गावातल्या बाया जमवायच्या, शहरातून कोणी कलाकार बोलवायचा आणि गप्पा मारायच्या. नाटक, चित्रं, हल्लीचं वागणं, चांगलं जगणं म्हणजे काय, असलं सगळं. पुण्यात एका कंपनीत तिला नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि ही म्हणत होती, मी बैठकच करणार. घरात पंधरा दिवस भाजीत मीठ कधी जास्त, कधी कमी.

माझी शाळा तिसरीपर्यंत. हे मी फोनला बोलून लिहिते. चुका नात काढते, मतं बदलायची तिला परवानगी नाही.

शनिवारी सकाळी धामणगाव बढ्यावरून एसटी धरली. मोताळा, बुलढाणा, चिखली, तिथून पुढे मेहकर, सुलतानपूर आणि मग बीबी. या वेळची बैठक त्या गावात होती. तुम्ही जाणार असाल तर पुढच्या सीटवर बसा. मागे बसलात तर राजूर घाटात खाल्लेलं परत भेटतं. बायांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरनं माझं वय विचारलं.

"काऊन? बाई हाय हे दिसत नाही काय?"

"तसं नाही, आजी. पंच्याहत्तर झाले असतीन तं फुकट हाय."

"चार वर्षं थांब मंग," म्हटलं, "आता अर्धंच फाड."

चिखलीच्या स्टँडवर आलुबोंडा खाल्ला. गरम असेल तरच घ्या, थंड झाला की साबण चावल्यासारखा लागतो. पूनम तिथेच बसमध्ये चढली. पाठीवर पिशवी, बगलेत गुंडाळलेलं बॅनर. शेजारी बसली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आईनं तुले कशाले पाठवलं, मले माहीत हाय."

"मंग बरंच झालं. सांगायचं वाचलं."

"आजी, आजची तिसरी बैठक हाय. आधीच्या दोन्ही वेळा बाया आल्या, चहा पेल्या अन् निघून गेल्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. आजही नाही उघडलं, तं मी सोमवारी पुण्याले जाते. पण तू मधात बोलू नको. गप्प बसशीन?"

मला हसू आलं, पण दाबलं. माझं काम आयतंच होत होतं. म्हटलं, "बसते. शपथ."

बाहेर तुरीची शेतं पिवळी झाली होती. मेहकरजवळ समृद्धीवरच्या गाड्या पळताना दिसल्या. कुठं जायची एवढी घाई असते कोण जाणे. आमची बस मात्र प्रत्येक फाट्याला थांबून घाम पुसत होती. जेवणाच्या वेळेला बीबीला उतरलो.

बैठक कमलबाईच्या मळ्यात होती. कमलबाई भाजीपाला पिकवते. मळ्यातल्या टिनाच्या शेडखाली लाल खुर्च्यांच्या चार रांगा, मागे बॅनर. जेवायला भाकर, भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. भरीत असं की पाहुणे म्हणून आलेले पुण्याचे चित्रकार सर घाम पुसत पुसत तिसऱ्यांदा वाढून घेत होते. माणूस वाईट नव्हता. पांढरी दाढी, बोलणं मऊ, ताट स्वतः उचललं.

दोन वाजता वीस-बावीस बाया आल्या. खुर्च्यांवर बसल्या, पदर सारखे केले, हात मांडीवर. सरांनी विचारलं, "तुमच्या रोजच्या जगण्यात कला कुठे आहे, असं तुम्हाला वाटतं?"

एकीनं दुसरीकडे पाहिलं. दुसरीनं टिनाकडे.

सरांनी वेगळं विचारलं, "बरं, चांगलं जगणं म्हणजे काय?"

मागून कोणी तरी खोकललं. मग सर स्वतःचं बालपण सांगू लागले आणि बाया दवाखान्यात डॉक्टरसमोर हलवतात तशा माना हलवू लागल्या. पूनमचा चेहरा उतरत चालला होता. मी मनातल्या मनात परतीच्या दोन सीटा धरल्या.

पण शेडच्या कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली मेथीचा ढीग होता. दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात जायची होती. त्यातलं गवत, पिवळी पानं काढून जुड्या बांधायच्या राहिल्या होत्या, आणि कमलबाईचा जीव सरांच्या बालपणात नव्हता, त्या ढिगात होता. दर मिनिटाला तिची मान तिकडे वळत होती.

माझ्याही हातांना चैन पडेना. रिकाम्या हातानं मी फक्त कोणी मेल्यावर बसते. म्हटलं, बोलायचं नाही अशी शपथ घेतली आहे, हात हलवायचा नाही असं कोणी म्हटलं? उठले, ढिगाजवळ जमिनीवर बसले आणि निवडायला लागले.

कमलबाई अर्ध्या मिनिटात खाली आली. "राहू द्या ना, मावशी," म्हणत माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं जुडी बांधू लागली. तिच्या मागे तिची शेजारीण. मग आणखी दोघी. दहा मिनिटांत लाल खुर्च्यांवर फक्त सर आणि पूनम उरले.

आणि कोणी तरी, मान वर न करता, म्हणालं, "काय इचारत होते जी सर? चांगलं जगणं?"

"मले इचारशीन तं सकायचा चहा आयता हातात यावा."

"नवऱ्याले सांग मंग."

"त्याले चहा येते, बाई. पातेलं कुठं हाय, थे येत नाही."

झालं. धरण फुटलं. एक नवी सून म्हणाली, तिनं भिंतीवर दाराएवढा मोर काढला होता, सासऱ्यानं त्याच्यावर टाइल्स बसवल्या. "मोर आतच हाय अजून," ती म्हणाली, "टाइलवर दुसरा काढला असता, पण रंग धरत नाही." सर खुर्चीवरून उठून खाली आले. टाइलवर धरणारा रंग मिळतो म्हणाले. दुपारभरातलं त्यांचं ते पहिलं उपयोगी बोलणं. पोरगी म्हणाली, "नाव लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं, आणि कसा लावायचा तेही सांगितलं.

मग सुमनबाई. वयानं माझ्याएवढी, लग्नात विहिणीची खोड काढायची गाणी म्हणणारी. ती म्हणाली, "नातीच्या लग्नात मी विहिणीले लय वंगाळ गाणं म्हटलं. डीजेवाल्यानं आवाज वाढवून ठेवला. विहिणीले वाटलं, म्हातारी आशीर्वाद देऊन राह्यली. माह्या पाया पडली."

शेड हसून हलली. सर म्हणाले, "ते गाणं आत्ता म्हणता का? रेकॉर्ड करतो."

"आधी हे जुडी बांधा," सुमनबाई म्हणाली. सरांनी बांधली. कमलबाईनं ती उलटीपालटी करून पाहिली. "सर, याच्यात गवत जास्त हाय. हे तुमच्या घरी न्या."

गाणं झालं. एक नाही, चार. इथं लिहिण्यासारखं एकही नाही.

आमच्याकडे पुरुष पारावर रिकाम्या हातानं दिवसभर बोलू शकतो. बाई रिकामी दिसली की कोणी तरी काम सांगतं. म्हणून रिकामी बसलेली बाई चोरासारखी बसते, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. हे मला आधीपासून माहीत होतं, फक्त खुर्ची पाहून विसरले होते.

पूनमकडे पाहिलं तेव्हा कळलं मी काय करून बसले. ती बॅनरखाली उभी होती आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसत होती.

"आजी, तू गप्प बसणार होती ना?"

"एक शब्द बोलले काय मी?"

रात्री कमलबाईकडेच मुक्काम. रविवारी सकाळी सुलतानपूरवरून लोणारला गेलो, सरोवर पाहिलं. खाली जायच्या पायऱ्या उंच आहेत. पायात घट्ट चप्पल आणि सोबत पाणी पाहिजेच. गुडघे माझ्यासारखे असतील तर वरूनच पाहा, वरून जास्त दिसतं. दैत्यसूदनाच्या देवळात छतावरचं कोरीवकाम मान दुखेस्तोवर पाहिलं. पूनमनं विचारलं, "कसं वाटलं?" म्हटलं, "कोरणाऱ्याची मान किती दुखली असंल."

बाहेर ओट्यावर बसून तिनं विचारलं, "मंग काय करू?"

"तूच म्हटलं होतं, बाया बोलल्या तं राहीन. बोलल्या ना? पण शिकवण्या सोडू नको. अन् पुढच्या बैठकीले खुर्च्या भाड्यानं आणू नको."

तिनं तिथूनच फोनवर कंपनीला दोन ओळी लिहिल्या, येत नाही म्हणून. मी शेंगा खात राहिले. मिठी वगैरे मारली नाही. आमच्यात तसं नाही.

संध्याकाळी घरी एकटीच पोचले. संगीता दारातच. माझ्या मागे पाहिलं, कोणी नव्हतं.

"आणली नाही?"

"मेथी आणली. दोन जुड्या."

ती आत गेली. मी ताट घेतलं, एक जुडी सोडली आणि निवडायला बसले. बराच वेळ तिनं चुलीजवळ उगाच डबे सरकवले. मग आली, समोर बसली, पानं खुडू लागली. अर्धी जुडी निवडून झाली.

"मले त्या नोकरीचं काही नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "पोरगी पुण्याले असती, तं मी चार दिवस तिच्याकडं गेली असती. मी पुणं पाह्यलंच नाही."

"एवढ्या वर्षांत कधी बोलली नाही?"

"कोणी इचारलं?"

दोघींच्या भाजीला एक जुडी पुरली असती. मी दुसरी सोडली.