भंगारातलं म्हणून सांगितलेलं घड्याळ

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. कपाटात त्यांचे दोन सदरे, चष्मा आणि चावीचं घड्याळ राहिलं. तारापूरला कंपनीत लागले तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेलं ते घड्याळ. रोज सकाळी चावी द्यायचे, एक दिवस खाडा नाही. पण आमच्या चिंचणीची हवा खारी, पडून पडून ते बंद झालं.

यंदा मुलगा म्हणाला, "आई, बाबांचं घड्याळ मी वापरीन. दुरुस्त करून घे. फक्त आतलं काय बदलू देऊ नको. बाबांचं होतं तसंच पायजे मला." पैसे देतो म्हणाला. मी म्हटलं, तुझे पैसे राहू दे, मी बघते कसं स्वस्तात होतं ते. मला खुमखुमीच तशी.

आधी पालघरला मोठ्या दुकानात गेले. तिथल्या पोरीने घड्याळ दोन बोटांत धरलं, मेलेल्या खेकड्यासारखं. म्हणाली, चावीची घड्याळं इथे होत नाहीत, मुंबईला पाठवावं लागेल, साडेचार हजार. मी ते रुमालात गुंडाळलं आणि बोईसरची गाडी धरली.

बोईसरला स्टेशनाजवळ एक घड्याळजी बसतो. टपरी एवढीशी, त्यात तो, त्याचं टेबल आणि काचेखाली मांडलेली घड्याळं. पन्नाशीचा, कमी बोलणारा. डोळ्याला भिंग लावून त्याने मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"मावशी, मशीनला गंज चढलाय. साफ करून, याच जातीचे जुने पार्ट शोधून लावायचे तर अठराशे होतील. थोडे दिवसही लागतील."

आता मी चाळीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकलेली बाई. गिऱ्हाईक भाव कसा पाडतं ते मला पाठ. पहाटे होडीतून उतरलेला पापलेट उचलायचा, नाक मुरडायचं आणि म्हणायचं, शिळा दिसतो. अशा बायकांना मी बाजारात काय काय ऐकवलंय ते सांगत नाही. आणि त्या दिवशी मी अगदी तेच केलं.

"अठराशे? एवढ्यात नवीन येतंय."

"येतं की. मग नवीनच घ्या."

"अहो, कुणाचं हाय ते पण ठाव नाय. पोराने भंगारातून उचललंय, शे-दोनशेला. त्याला हौस."

त्याने भिंग काढलं. "म्हणजे घरातल्या कुणाचं नाही? घरातलं असलं तर मी मशीन बदलत नाही, म्हणून विचारतो."

"कुणाचं नाय. काय पण घाला आत. चाललं म्हंजे झालं."

"मग सातशे. पुढच्या रविवारी या."

काय सांगू, मी खूश झाले. घरी येईपर्यंत मनात अकराशे वाचवल्याचा आनंद. त्या माणसाने नीट, स्पष्ट विचारलं होतं आणि मी नवऱ्याचं घड्याळ कुणाचं नाही म्हणून सांगून आले होते, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. बोलून भाव पाडला, एवढंच कळलं.

रविवारी मुलगा बरोबर आला. घड्याळ चालू होतं, काच पुसून लख्ख केलेली. मुलाने हातात घेतलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याने सहज विचारलं, "काय बिघडलं होतं?"

"मशीन गेलं होतं, साहेब. दुसऱ्या जुन्या घड्याळाचं चांगलं मशीन टाकलंय. दहा वर्षं बघायला नको."

मुलगा एकदम थांबला. "आणि आधीचं?"

"त्याचे जे भाग चालण्यासारखे होते ते दोन गिऱ्हाइकांच्या घड्याळांत गेले. बाकीचं टाकलं."

"न विचारता बदललंत? माझ्या वडिलांचं घड्याळ होतं ते. मेलेल्या माणसाची वस्तू अशी परस्पर विकता तुम्ही?"

शेजारचा चहावाला बघायला लागला. दोन बायका थांबल्या, त्यातली एक माझ्या ओळखीची. घड्याळजीने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "चुकलं माझं, साहेब. विचारायला पाहिजे होतं." आणि सातशे घ्यायला तयार होईना.

मुलाने पैसे काचेवर ठेवले आणि तरातरा निघाला. मी त्याच्या मागे. त्या माणसासमोरून जाताना मान वर करता आली नाही.

घरी आल्यावर मुलगा जेवला नाही. संध्याकाळी मी सगळं सांगितलं, कुणाचं नाय म्हटलं होतं ते सुद्धा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिथे का नाय बोललीस?"

काय सांगणार? लोक होते, ओळखीची बाई होती, आणि तो माणूस आयतं स्वतःवर घेत होता. मी घेऊ दिलं. ह्यांचं यंत्र गेलं त्याचं दुःख आहेच, पण रात्री डोळ्यासमोर येतात ते त्या घड्याळजीचे जोडलेले हात.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मुलगा बोईसरला उतरला आणि त्याची माफी मागून आला. घड्याळजी म्हणाला म्हणे, "जाऊ द्या साहेब, मावशी घाबरल्या असतील."

मी घाबरले नव्हते. हे त्याला मीच जाऊन सांगायला हवं. दोन आठवडे झाले, बाजारात जाते ती स्टेशनाच्या पलीकडच्या बाजूने जाते.